पाटावरचा स्टेथोस्कोप

हॅलो?… हॅलो! जरा मोठ्यानं बोला हो, इकडे गॅरेजमध्ये ठाकठूक चाललीय… कोण?… अगंबाई, कांचनताई! अहो, मी वीणाच. आवाज नाही ओळखलात?… नाही, सर्दी नाही. ओरडून ओरडून बसलाय. घरात माझ्याशिवाय माणसं दोन, आणि दोघंही गॅरेजमध्ये. जेवायला बोलवायचं म्हटलं तरी घसा फुटतो.

छे, कामात कुठली! कणीक मळतेय. एक हात कणकेत, एका हातात फोन. बोला तुम्ही. रविवार आहे, फोनचा रेट कमी आहे.

उल्हास? आहे ना. घरातच आहे. म्हणजे घरात नाही, गाडीखाली आहे… देऊ? थांबा हं. उल्हास! ताईंचा फोन आहे, हर्नडनहून!… काय? … म्हणतोय, गाडीखाली आहे, नंतर करतो म्हणावं… नाही हो, तुमच्यावर कशाला रागावेल? तुमच्या भावाला मी गेली चार वर्षं गुडघ्याच्या वर बघितलेलंच नाही. गाडीखालून दोन बूट बाहेर आलेले दिसतात. त्या बुटांशी संसार चाललाय माझा. मीठ कमी झालंय का तेसुद्धा बुटांना विचारते.

हसू नका, ताई. चार वर्षं म्हणजे थोडी नाहीत.

दीपा? तीही तिकडेच आहे… शुक्रवारचं ना? हो, हो… अहो ताई, ऐका ना, सगळं झालंय. तिकीट काढलंय. गुरुवारी दुपारी इकडून निघते, संध्याकाळी तुमच्याकडे. शुक्रवारी सकाळी दहाला इंटरव्ह्यू… कपडे? जॅकेट घेतलं ना. नेव्ही ब्लू. स्कर्ट त्याच रंगाचा… नाही, फार आखूड नाही… टिकली? नाही लावणार… लावू दे? मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, नको म्हणून! बरं, बरं. लावेल. छोटी.

नाही कसं, ताई, तुमच्यामुळेच. तुमची ती मैत्रीण मेडिकल कॉलेजच्या कमिटीवर नसती तर आम्हाला कुणी उभं केलं असतं? आपल्या घरात तुमच्यानंतर आता दीपाच डॉक्टर. मी महाराष्ट्र मंडळात सांगूनही टाकलं. म्हणजे अगदी झाली असं नाही सांगितलं, पण झाल्यातच जमा आहे असं सांगितलं.

फोटो? मिळाला?… अहो, आठवडा झाला पाठवून! रोल संपत नव्हता, मग तुमच्या भावाच्या कार्ब्युरेटरचे सहा फोटो काढून संपवला… फ्रिजवर लावलात? अगंबाई!

हो, खंडेनवमीचाच. यंदा नेमका शनिवार आला. नाहीतर आपण इथे अमेरिकेत दसरासुद्धा ओढून शनिवारी आणतो… पाट ना? तो आपलाच, आई आल्या होत्या तेव्हा घेऊन आलेल्या. झेंडू शेजारणीचा. तिला म्हटलं, आज आमच्या हत्यारांची पूजा आहे. ती घाबरून दोन पावलं मागे सरली. मग विळी दाखवली, तर आणखी दोन पावलं सरली.

तर डावीकडे तुमच्या भावाचे पाने. बारा. मापाप्रमाणे रांगेत. रांग चुकली म्हणून मला पुन्हा पाट मांडायला लावला. मध्ये माझी विळी. आणि उजवीकडे दीपाचा स्टेथोस्कोप, तुम्ही दिलेला. मीच हळदकुंकू वाहिलं, मीच फूल ठेवलं. मला इतकं भरून आलं, ताई! म्हटलं, पुढच्या वर्षी ही खरीखुरी वापरत असेल.

आत्ता? आत्ताही वापरते ना. कॉलेजातून घरी आली की दर शनिवारी… रविवारीसुद्धा… कुणावर?… म्हणजे?

दांडी? कसली दांडी?… स्टेथोस्कोपला?… भाऊजींनी भिंग लावून बघितलं? हार्टच्या डॉक्टरांना एवढी फुरसत असते?… नाही, असेल दांडी, मी नाही कुठे म्हणतेय! … छातीला लावायची चकती? ती नाहीये का? … हो. नाहीये. काढलीय तिनं. आहे, जपून ठेवलीय हो, दह्याच्या डब्यात आहे. वर लेबल आहे.

बरं, सांगते. पण रागावणार नसाल तर सांगते. आणि हसायचं असेल तर हसा, कारण आम्ही सगळे हसलो.

अहो, गाडी तुम्ही कुठे बघितलीत! तुम्ही मागे आलात तेव्हा ती गाडी नव्हतीच, नुसता गंज होता. छप्पन सालची शेव्हरोले, म्हणजे तीस वर्षांची. एका शेतकरीणबाईंच्या कोठारात पडली होती, सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण झालेलं. ट्रकवर घालून आणली. मी विचारलं, हे काय आणलंस? तर तुमचा भाऊ म्हणाला, वीणा, ही तीच आहे. ती कुठली तर साताऱ्याची! तुम्ही दोघं लहान असताना तो अमेरिकन डॉक्टर यायचा ना, लांबलचक गाडीतून… हो, तेच. त्याच कंपनीची म्हणे. तुम्ही डॉक्टरकडे बघत उभ्या राहायचात आणि हा गाडीकडे. मग बाबांनी चपलेनं हाणत घरी न्यायचं… तुम्हाला नाही? फक्त त्याला? असेल.

तेव्हापासून दहा मिनिटं काम आणि दोन तास लेबलं! सगळी गाडी सुटी केली आणि माझ्या दह्याच्या डब्यांत भरली. पाच-पाच पौंडांचे डबे, मी धुऊन, पुसून ठेवलेले. आता त्यांच्यावर मराठीत लिहिलंय, 'डावा दरवाजा, वरचं बिजागर, स्क्रू तीनपैकी दोन.' तिसरा कुठंय ते कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नाही. एकदा मी राजारामकाकूंना श्रीखंडाचा म्हणून डबा दिला. घरी जाऊन उघडला तर आत ग्रीस. बिचारीनं फोन केला, म्हणाली, वीणा, वेलची जास्त झालीय का गं?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाचा तो गोल पार्ट, गरम पाण्यात उघडतो. तो उघडतो का हे कशात बघितलं? माझ्या दुधाच्या पातेल्यात. चाकांच्या क्रोमच्या टोप्या कुठे धुतल्या? माझ्या डिशवॉशरमध्ये. रंग कुठे भाजला? ओव्हनमध्ये! इंजिनाच्या झाकणाला नारिंगी रंग मारला आणि दोनशे डिग्रीला अर्धा तास ठेवलं. शेजारच्या बाईनं दार वाजवून विचारलं, काय बेक करतेस? मी म्हटलं, माझा नवरा.

आणि गॅरेजची कमिटी! ती तर तुम्ही बघायलाच हवी. दर शनिवारी सकाळी आपली मंडळी जमतात. राजीव, तो पूल बांधतो. राजारामकाका, ते आयुष्यभर बॉयलरमध्ये. आणि नरेंद्र, तो पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे त्याला इंजिनातसुद्धा गाठच दिसते. बॉनेट उघडायचं, हात मागे बांधायचे आणि वाकून बघायचं. मी तीनदा चहा, एकदा पोहे. चार वर्षांत त्यातल्या एकानंही पान्याला बोट लावलेलं नाही. मत मात्र प्रत्येकाचं आहे, आणि तेही स्वच्छ, इस्त्रीचं. याला इथे कन्सल्टिंग म्हणतात म्हणे.

हो, हो, येतेय… स्टेथोस्कोपवरच येतेय. तुम्ही पण ना!

तर ऑगस्टमध्ये गाडी सुरू झाली. टाळ्या, पेढे, सगळं. पण आतून आवाज, टक-टक, टक-टक. कमिटी बसली. दोन तास. ठराव झाला की इंजिन बाहेर काढून पूर्ण उघडायचं. तीन विरुद्ध एक. एक म्हणजे उल्हास. इंजिन उचलायची साखळी-कप्पी भाड्यानं सांगितली, वार ठरला. मी म्हटलं, झालं, आणखी चार वर्षं. आणखी सत्तर डबे.

शुक्रवारी दीपा घरी आली. शनिवारी कमिटी जमल्यावर तिनं वरून स्टेथोस्कोप आणला, चकती काढली, त्या नळीला एक लोखंडाची दांडी बसवली आणि इंजिन चालू करायला लावलं. मग डोळे मिटून दांडी एकेका ठिकाणी टेकवत गेली. इथे टेकव, ऐक. तिथे टेकव, ऐक. वीस मिनिटं. राजीव मध्ये बोलायला लागला तर तिनं त्याला हातानंच गप्प केलं. शेवटी म्हणाली, 'इट्स नॉट द इंजिन, बाबा. इट्स द फ्युएल पंप.' पेट्रोलचा पंप हो, बाहेरून लावलेला, एवढासा! नवा बसवला, आवाज बंद. सगळी उचलाउचल कॅन्सल. राजारामकाका म्हणाले, मला आधीपासून तसंच वाटत होतं.

… ताई?… हॅलो? आहात ना? हसला नाहीत.

अहो, छंद आहे तो तिचा. हायस्कूलमध्ये बाबांपुढे टॉर्च धरायची, मग हळूहळू टॉर्च बाबांकडे गेला. नखं बघवत नाहीत, ते सोडा, मी ब्रशनं घासून पाठवते. डॉक्टर झाल्यावर कुठला वेळ मिळतोय या सगळ्याला?… हो… हो… पत्र? कुणाचं पत्र?

मेडिकलच्या कमिटीला?… दीपाचं?

नाही, काहीतरी घोटाळा असेल. दुसरी कुणी दीपा असेल. आपल्या मुली काय कमी आहेत का… आडनाव पण तेच? … तुमच्याकडे कॉपी आहे? वाचा. … हळू वाचा, ताई… 'थँक यू फॉर द अपॉर्च्युनिटी'… हं… पुढे… 'विथड्रॉ'…

विथड्रॉ म्हणजे… म्हणजे येत नाही, असंच ना?

केव्हा आलं हे?… तुम्हाला कधी कळलं? … गुरुवारी! आज रविवार, ताई! गुरुवारपासून तुम्हाला ठाऊक आहे, आणि अर्धा तास मला जॅकेटचा रंग विचारताय? टिकली लावायची का नाही लावायची? अहो, मी काय तुमची पेशंट आहे, आधी सगळी माहिती विचारून मग रोग सांगायला!

… बरं. बरं. चुकलं माझं. थांबा, ठेवू नका. ठेवायचा नाही हं फोन.

दीपा!… दीपाऽ!… ये इकडे. पाना ठेव खाली. … आत्याचा फोन आहे. ती काय म्हणतेय, तू कमिटीला पत्र पाठवलंस?… माझ्याकडे बघ. पाठवलंस की नाही?… मराठीत सांग… मराठीत नीट सांगता येत नाही? मग इंग्रजीत सांग, पण सांग!

…

हॅलो. ताई. … हो, बोलले. खरं आहे. पाठवलंय. म्हणते, 'आई, आय वॉज गोइंग टू टेल यू आफ्टर दिवाळी.' दिवाळीनंतर! मला फराळ कडू लागू नये म्हणून. काय पण माया!

नोकरी लागलीय म्हणते… नाही हो, कुठलं हॉस्पिटल. गावाबाहेर हॉफमन म्हणून एक म्हातारे आहेत, जुन्या गाड्या, जुने ट्रक होते तसे करून देतात. त्यांना बाबांच्या गाडीचा पंप दाखवायला गेली होती, तिथेच दोन तास कुणाचा तरी ट्रक दुरुस्त करत बसली. त्यांनी विचारलं, येतेस का. … डिसेंबरात पदवी पूर्ण करणार, जानेवारीपासून तिकडे… सुट्टीपुरतं नाही, ताई. मी विचारलं. कायमचं… हो, गॅरेज. गॅरेजच. त्याला दुसरं काय म्हणणार?

मला ठाऊक असतं तर मी तिकीट काढलं असतं का?… उल्हासला? त्याला कुठलं… थांबा, विचारते. वायर पुरते दारापर्यंत… उल्हास! तुला माहीत होतं?… काय?… गाडीखाली आहेस?

ताई, गाडी चाकांवर उभी आहे! सकाळीच जॅक काढलाय, आज पहिल्यांदा रस्त्यावर काढणार म्हणून. खाली वीतभर जागा आहे. त्या वीतभर जागेत तुमचा भाऊ पोट आत घेऊन घुसलाय. दोन बूट दिसतायत मला. … उल्हास, बूट हलवू नकोस, उत्तर दे.

… माहीत होतं, ताई. महिनाभर. पत्र त्यानंच टपालात टाकलं. स्टॅम्पसुद्धा त्यानंच लावला.

एका घरात राहतो आम्ही! एका टेबलावर जेवतो! शनिवार-रविवार आला की दोघं मला म्हणायचे, भाजी छान झालीय. मी म्हणत होते, एवढं कौतुक का चाललंय!

नाही… रडत नाहीये. कणकेचा हात डोळ्याला लागला… हो, रडतेय. मंडळात सांगून बसलेय मी. आता विचारतील, दीपाचं ॲडमिशन झालं का, तर काय सांगू? हो झालं, ट्रकखाली?… मला विचाराल तर मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटतेय. एकवीस वर्षांची झाली म्हणून काय झालं.

हो… हो… बरोबर आहे तुमचं… तिच्याशी कोण करणार लग्न, खरंय… मैत्रिणीला तुम्ही तोंड कसं दाखवणार, तेही खरंय… पत्र परत घेता येतं? मंगळवारच्या आत? … म्हणजे तुम्ही सांगाल की घरात आजारपण होतं, चुकून गेलं… आजारी कोण? मी?… बरं. काय झालं होतं मला?… ब्लडप्रेशर. ते आत्ता असेलच, त्यात खोटं काही नाही.

तिला काय सांगू?… जेवण सोडू? म्हणजे ती हो म्हणेपर्यंत?… अहो, मी जेवण सोडलं तर या घरात ते कुणाच्या लक्षात यायलाच दोन दिवस लागतील… आणि गाडी?… विकायची?… आजच्या आज?… भंगारात? ताई, रंग परवा झालाय. आरशासारखा चमकतोय हो. मी चिडते, पण खोटं कशाला बोलू… नाही, गाडीचा काय दोष… हो, पण… अहो, ऐका… तसं नाही…

काय म्हणालात?

नाही, आवाज येतोय स्पष्ट. पुन्हा म्हणा… 'वीणा, तुला घरात बसून काय कळणार.' बरोबर ऐकलं ना मी?

… नाही, नाही, रागावले नाही. जरा फ्रिजपाशी जाता का? … जा ना. वायर पुरेल… गेलात? फोटो बघा. पाटावर मधोमध काय आहे?

विळी. बरोबर. बावीस वर्षं या देशात मी पाटावर विळी ठेवतेय. नागपूरला मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, ताई. मला बघायला तुम्हीच आला होतात, पांढऱ्या साडीत, डॉक्टर म्हणून आम्ही सगळे टरकलो होतो. तुम्ही माझी मार्कशीट हातात घेतली, नीट वाचली आणि म्हणालात, छान, मुलांचा अभ्यास घेईल. घेतला की! एकच मूल झालं, तिचा घेतला. आवाज पदार्थातून कसा जातो, हवेतून हळू आणि लोखंडातून जोरात, हे या पोरीला सहावीत मीच शिकवलंय. ह्याच टेबलावर, चमचा तिच्या कानाला लावून.

… नाही, बोलू द्या. माझं झालं नाहीये.

पाटावर तुला काय ठेवायचंय, असं मला कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा मला विचारलं नाही. विळी हाताशी होती, ठेवली. उल्हासला बाबांनी सांगितलं इंजिनिअर हो, झाला. तो दिवसभर ऑफिसात काय करतो माहितीय? दुसऱ्यांनी काढलेल्या पाइपांच्या ड्रॉइंगवर सही. वीस वर्षं! त्यानं स्वतःच्या हातानं केलेली या घरातली एकच वस्तू आहे, ती बाहेर उभी आहे. आणि तिच्यासाठीसुद्धा तो माझी हजार बोलणी खातो.

आणि या मुलीनं तिचं हत्यार ठेवलं. कुणाला न विचारता, माझ्या डोळ्यांदेखत. मीच कुंकू लावलं. मीच फोटो काढला, मीच तुम्हाला पाठवला. तिनं काही लपवलेलं नाही, ताई. दांडी काढून चकती लावायला तिला कितीसा वेळ लागला असता? तिनं दांडी तशीच ठेवली. आपण दोघींनी बघितलं आणि आपल्याला हवं तेच दिसलं. शेवटी दिसली ती भाऊजींना, तीही भिंग लावून!

… हो, भीती वाटते. का नाही वाटणार? खूप वाटते. हात मोडला तर, म्हातारे गेले तर, एवढ्या पुरुषांत एकटी मुलगी… सगळं डोक्यात येतंय. तिच्याशी भांडणारसुद्धा आहे मी, लपवलं म्हणून. बापाला तर सोडतच नाही. पण ते माझं मी भांडेन. आजारी नाही पडणार, आणि जेवणही नाही सोडणार. पुरणपोळ्यांचं पुरण शिजलंय.

हा आवाज? नाही, काही पडलं नाही, गाडी सुरू केली त्यांनी. थांबा, दारापाशी फोन धरते. ऐका…

ऐकलंत?… नाही, मागे शिट्टी आहे ती कुकरची. तिच्याखालचा ऐका… आहे का टक-टक? … नाही ना?… मग!

बाहेर निघाली, ताई. गॅरेजमधून पूर्ण बाहेर आली… निळी आणि पांढरी. चालवतेय कोण? दीपा. तुमचा भाऊ बाहेर उभा राहून मागे ये, मागे ये असे हात करतोय, आणि गाडी पुढे चाललीय. सगळा शर्ट काळा. आणि रडतोय की काय… हो, रडतोय. माझ्याकडे बघत नाहीये.

कशाला, आता त्याला नका बोलावू. संध्याकाळी करायला लावते.

गुरुवारचं तिकीट? ते परत होत नाही हो, स्वस्तातलं आहे. … मग काय, येतेय ना ती! भाऊजींना एअरपोर्टवर पाठवा. … नाही, इंटरव्ह्यूला नाही. मैत्रिणीला सांगा, पत्र बरोबर आहे, घरात कुणी आजारी नव्हतं. ताई, तुमची ती जर्मन गाडी अजून डावीकडे वळताना कण्हते का? … कण्हते ना? गेल्या दिवाळीपासून सांगताय. तीन ठिकाणी दाखवलीत, तिघांनीही तपासली आणि सापडलं काहीच नाही.

मग गुरुवारी संध्याकाळी भाऊजींना म्हणावं, गाडी दारात लावून ठेवा, कुलूप नको. ती स्टेथोस्कोप घेऊन येतेय.

… नाही, जॅकेट नाही आणणार. … हं… हो, टिकली लावून पाठवते. छोटी. … ठेवू? हॉर्न वाजवतायत दोघं, पहिल्या फेरीला मी पुढे बसायचंय म्हणे. हाताची कणीक तशीच आहे, सीट नवी आहे… असू दे. लागू दे थोडी. ठेवते, ताई.